बारा नंबरची बस

पहिल्या महिन्यात आम्ही चाळीस जण होतो,
सगळे एसीतले.
सोहारच्या कॉर्निशवर फजरनंतर धावायचं,
घड्याळांनी किलोमीटर पाठवायचे,
मी ते उचलून तक्त्यात लावायचे.
एवढंसं काम. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालावं तसं.

मग बद्रिया म्हणाली, आता सगळी कंपनी.
बंदर, यार्ड, गोदाम, मुदपाकखाना.
तीन हजार दोनशे मनगटं.
रबरी पट्ट्यांची खोकी आली,
केळीच्या घडांसारखी बांधलेली.

आणि रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
माझ्या आलेखावर एक भिंत उभी राहू लागली.
सपाट, सपाट, सपाट, भिंत.
सर्व्हर आडवा.
घड्याळवाल्यांचं उत्तर ठरलेलं:
पंधरा मिनिटांत तीनशे मागण्या, वर एकही नाही.
तीनदा दार वाजवायचं,
उघडलं नाही तर हातातलं तिथंच टाकून परत फिरायचं,
हे मात्र मीच लिहिलं होतं,
एका निवांत दुपारी, शिट्टी वाजवत.

मी मशीन वाढवलं. भिंत वाढली.
पुन्हा वाढवलं. बिल वाढलं.

फोन आला तो नजीर मुकादमांचा.
यार्डात कंटेनरची सीलं तपासतात, गाव हर्णै.
"बाई, खाली नाव वाचलं, आपल्याकडचं वाटलं,
म्हणून विचारतो.
मी तर रोज चालतो.
माझी चाल जाते कुठं?"

उत्तर नव्हतं, म्हणून कॅम्पवर गेले.
मेसच्या पायरीवर उभी राहिले.
ऑगस्ट. हवा न पिळलेल्या टॉवेलसारखी.
सात-दहाला बसगाड्या आल्या,
एक, चार, नऊ,
माणसं उतरली, बूट सैल केले,
खिशातले फोन मेसच्या वायफायला चिकटले
आणि दिवसभर मुकी असलेली मनगटं
एकदम बोलू लागली.

माझी भिंत
ताट हातात घेऊन डाळीसाठी उभी होती.

बारा नंबरची बस शेवटची.
लांबच्या धक्क्यावरून येते,
तोवर तीनशे केव्हाच होऊन गेलेले.
मुकादम तिच्यातूनच उतरले.
दाढीत मीठ. घामाचं की वयाचं, विचारलं नाही.

त्या रात्री मशीनं कमी केली, रांग लिहिली.
येईल त्याचं ठेवून घ्यायचं,
चिठ्ठी द्यायची,
सवडीनं एकेकाला आत सोडायचं,
दारातून कुणाला परत पाठवायचं नाही.
मेसचा वाढपी हेच करत होता
डाव हातात धरून,
त्याला कुणी आर्किटेक्ट म्हणत नाही.

बद्रियाचा फोन:
कामावरचं चालणं धरायचं नाही हं,
धावण्याचा उपक्रम आहे.
नियम बरोबर होता. तिचा आवाजही दमलेला होता.
मी एक रकाना वेगळा पाडला, ड्यूटीतले.
पदकासाठी धरायचे नाहीत. पुसायचेही नाहीत.

पट्ट्यांमध्ये आठवड्याचं साठलेलं होतं,
ते सगळं ओसरत ओसरत
दोन चौदाला रांग रिकामी झाली.
शेवटची ओळ:
मुकादम, नजीर. कालचे. एकोणीस पूर्णांक चार.
माझं अख्ख्या महिन्याचं धावणं
अकरा.

सकाळी फोन लावला. आली तुमची चाल.
"किती?"
सांगितलं.
पलीकडे कुणाला तरी तेच हिंदीत ओरडून सांगितलं गेलं,
हसणं, एक कप पडल्याचा आवाज.
"टेकबहादूर अठरावर अडकला, बाई.
ऑम्लेट-परोट्याची पैज होती."

मी रकान्याचं, पदकाचं
समजावून सांगणार होते, वाक्यं जुळवून ठेवली होती.
"पदक कसलं?" म्हणाले,
"थांबा, बस लागली,"
आणि थांबायला सांगून
फोन ठेवूनच दिला.